मी येईपर्यंत गाडी चालू करू देऊ नकोस

कराड,
बुधवार, रात्र

प्रिय माऊ,


फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि फोन ठेवला की निम्मं विसरतेस. म्हणून लिहून पाठवतोय. कागद जपून ठेव, रविवारी लागेल.

तुझ्या आईचा परवा फोन आला होता. पोरगी मोटरसायकल घेते म्हणते, तूच तिला समजाव. मी म्हणालो, समजावतो, पण घेऊ नकोस असं नाही सांगणार. ताईला वाटतं मुलीनं स्कूटी घ्यावी. तिचं ते काळजीपोटी आहे, पण तुझा रस्ता तिनं पाहिलेला नाही. मी पाहिलाय. उपकेंद्रापासून वरच्या वाड्यांपर्यंतची ती उखडलेली खडी, ओढ्यावरचा तो बुटका पूल, पावसाळ्यात डोंगरावरून रस्त्यावर येणारी लाल माती. स्कूटीची चाकं दहा-बारा इंचांची, मोटरसायकलची सतरा-अठरा. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक खड्डा ओलांडतं. पाटण तालुक्यात फिरती असणाऱ्या आरोग्यसेविकेला मोटरसायकलच पाहिजे. ताईशी मी बोलतो, ते माझ्यावर सोड.

आता तुझा प्रश्न, नवी की जुनी. तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. शोरूमचं कोटेशन, १२५ सीसी, ऑन-रोड १,०८,००० रुपये. मल्हारपेठच्या गुरुजींची १०० सीसी, २०२१ ची, ४६,००० ला. आणि एजंटाकडची ती चकचकीत काळी १५० सीसी, ४५,००० ला. माझं म्हणणं आधीच सांगतो. जुनी घे. गुरुजींची गाडी मी अजून पाहिलेली नाही, त्यामुळे तीच घे असं आज म्हणत नाही. पण पहिली गाडी जुनी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारण सांगतो. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

१९९१ साली नोकरीत कायम झालो आणि पतपेढीचं कर्ज काढून नवी कोरी गाडी घेतली. पाडव्याला हार घालून घरी आणली. तुझ्या आजीनं चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. महिनाभर मी गाडी रोज दोनदा पुसायचो. एका मित्राला घेऊन चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाटात एका वळणावर समोरून ट्रक माझ्या बाजूला आला. डावीकडे खडीची पट्टी होती, तिथे उतरलो असतो तर काही झालं नसतं. फार तर गाडी आडवी झाली असती, टाकीला पोचा पडला असता. मी उतरलो नाही. त्या अर्ध्या क्षणात माझ्या मनात आली ती टाकी. नवी टाकी. ट्रकच्या मागच्या फाळक्यानं हँडल ओढलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर. माझ्या गुडघ्याला सात टाके पडले. मित्राचा हात मोडला, तो आजही पूर्ण वर जात नाही. गाडी वाचवायला गेलो होतो. गाडीही वाचली नाही.

पुढे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, पुष्कळ गाड्या खोलल्या, पुष्कळ माणसं पाहिली. गाडीपेक्षा आपला जीव मोठा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते हातापायांना माहीत व्हायला वेळ लागतो. ती सवय लागेपर्यंत जिच्या अंगावर आधीच चार ओरखडे आहेत अशी गाडी बरी. पहिल्या वर्षात तू गाडी पाडणार, माऊ. चिखलात उभी करताना स्टँड रुतून पडेल, चढावर क्लच चुकेल. सगळ्यांची पडते. ११० किलोंची गाडी कलली तर पाय बाजूला घे आणि पडू दे. ४६,००० च्या गाडीला तू पडू देशील. हप्ते चालू असलेल्या नव्या गाडीखाली तू पाय घालशील.

आता पैशाचं. कोटेशनच्या मागे पेनानं लिहिलंय, ‘१८,००० भरा, व्याज फक्त ९ टक्के’. ते ९ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे तीन वर्षं पूर्ण ९०,००० वर व्याज, तू निम्मं फेडलंस तरी. व्याज २४,३००, हप्ता ३,१७५. फेडत जाणाऱ्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर १६ टक्क्यांच्या वर जातो. १,०८,००० ची गाडी तुला १,३२,३०० ला पडते. आणि ती शोरूमबाहेर आली की उतरायला लागते. विम्यासाठी गाडीची किंमत धरतात तो तक्ताच बघ. सहा महिने ते वर्षाच्या गाडीला १५ टक्के घट, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. ही घट गुरुजींनी सोसून झालीय. तू दोन वर्षं चालवून विकलीस तर तुझं फार जाणार नाही.

पण जुनी म्हणजे कुठलीही जुनी नाही. माझी एक रेघ आहे, एप्रिल २०२० च्या नंतरचीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही. ब्रेकचा नियम त्याच्याही आधीचा, एप्रिल २०१९ चा. १२५ सीसीपर्यंतच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, आणि १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस. नवशिके घाबरले की नुसता मागचा ब्रेक दाबतात, चाक लॉक होतं आणि गाडी घसरते. म्हणून कुणी १५,००० ला दहा-बारा वर्षांची गाडी देतो म्हणालं तरी नको.

त्या काळ्या गाडीचं. फोटोत नंबर एमएच ०८ आहे, रत्नागिरी जिल्हा. मॉडेल २०१९ चं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं होतं, तुला आठवतच असेल. त्याच दिवसांत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर-मिरगावला दरडी कोसळल्या. प्रत्येक एमएच ०८ गाडी पुरातली नसते, आणि आपल्याकडे २०१९ ला सांगली-कोल्हापूरलाही गाड्या बुडाल्याच होत्या. पण एवढी नवी दिसणारी १५० सीसी एवढ्या स्वस्तात का, हे विचारायला हवं. पुरातली गाडी धुऊन, रंगवून, पॉलिश मारून उभी करतात. सीट काढून बघायचं. वायरिंगच्या कपलरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर, हेडलाइटच्या काचेत आतून गाळाची रेघ, मीटरमध्ये दमट धुकं, सीटच्या फोमला कुबट वास. इंजिन उतरवून साफ करता येतं, वायरिंगमधला गाळ कधीच पुरता जात नाही. ती गाडी ऐन पावसात, रात्री, रेंज नसलेल्या ठिकाणी बंद पडेल. शिवाय तुझ्या उंचीला ती जड आणि उंच. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ती सोडून दे.

रात्रीवरून आठवलं. नव्या गाडीच्या बाजूनं खरा मुद्दा एकच आहे आणि तो मी टाळणार नाही. बाळंतपणाचा निरोप रात्री दोनला येतो. तेव्हा गाडीनं दगा देऊन चालत नाही. त्यावर माझं उत्तर असं, की १०० सीसीची, खपाची, एका हातातली गाडी नीट ठेवली तर दगा देत नाही. आणि दिलाच तर तिची क्लच केबल, प्लग, ट्यूब पाटणपासून कोयनानगरपर्यंत कुठेही मिळते. नव्या, हौशी मॉडेलचा सुटा भाग कराडहून मागवावा लागतो. तरीही तशी गाडी सापडली नाही, दोन-तीन बघूनही मन भरलं नाही, तर मी स्वतः म्हणेन नवी घे, आणि १८,००० माझे. संशय असलेली जुनी घेण्यापेक्षा ते बरं.

रविवारी काय बघायचं ते सांगतो, म्हणजे मी बघत असताना तुलाही कळेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेलं. टायर पहिलेच असतील तर नक्षी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. बदलायचे. मागच्या चक्राचे दात वाकलेत का, चेन मागे ओढली तर सुटते का. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं, मधोमध अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग गेलंय. फुटरेस्टची आणि लिव्हरची टोकं घासलेली असतील तर गाडी पडलेली आहे. त्यात वावगं काही नाही, पण हँडलखाली चासीला वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नकोस. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर आणि किल्ली किती झिजलीय ते बघ.

हे सगळं तासाभराचं. कागदांना मात्र घाई करायची नाही.

आमच्या गल्लीतल्या एकानं गाडी विकली, पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळा झाला. घेणाऱ्यानं नावावर केलीच नाही. वर्षानं त्या गाडीखाली एक म्हातारा सापडला आणि नोटीस आली ती विकणाऱ्याला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की रजिस्टरला ज्याचं नाव तो मालक. हे विकणाऱ्याचं झालं. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा नावावर नसलेल्या गाडीवर तुला मिळत नाही. गुरुजी भले माणूस असतील, पण त्याच दिवशी फॉर्म २९ आणि ३० भरायचे. चासी नंबर हँडलच्या पाइपवर असतो, तो आरसीशी स्वतः ताडून बघायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. चलन थकलंय का ते एम-परिवहनवर दिसतं. विमा १४ दिवसांत तुझ्या नावे करून घ्यायला अर्ज द्यायचा. २०२१ ची गाडी म्हणजे तिला थर्ड पार्टी पाच वर्षांचा घेतलेला असणार, त्याची मुदत उरलीय का ते बघू, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा बहुधा संपलेला असेल, तो नवा काढू. गुरुजींचा नो क्लेम बोनस त्यांचा, तो तुला येत नाही. आरटीओ कराडचंच, एमएच ५०, त्यामुळे बाहेरची एनओसी लागणार नाही.

आणि तुझं लायसन्स काढून बघ. कॉलेजात काढलंस ते विनागिअरचं आहे ना? मग मोटरसायकलला ते चालत नाही. गिअरचं लर्निंग आधी काढ. त्यानंतर तीस दिवसांनी परीक्षा देता येते. गाडी थोडी उशिरा आली तरी चालेल.

४६,००० मध्ये घासाघीस केली तर गुरुजी हजार-दोन हजार सोडतील. त्यावर आठ हजार बाजूला ठेव, टायर, चेन-चक्र, बॅटरी, ऑइल यांना. त्यानंतर जे उरेल त्यातलं पहिलं हेल्मेट. आयएसआय शिक्क्याचं, आयएस ४१५१ लिहिलेलं, पूर्ण तोंडाचं, डोक्यावर घट्ट बसणारं. रस्त्याकडेच्या ढिगातलं नको. मग घोट्याच्या वर येणारे बूट. तुमच्या सगळ्या सिस्टर चपला घालून गाडी चालवतात, ते मला बघवत नाही.

गळीत हंगाम सुरू झालाय. अंधारात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि लोंबणारा ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर असतो. मार्चपर्यंत कराड-पाटण रस्त्यावर रात्री चाळीसच्या वर जायचं नाही. एवढं माझं ऐक.

ताईला शोरूममधला हार, पेढे, किल्लीचा फोटो हवा होता, ते मला कळतं. तिनं तुला एकटीनं शिकवलं. मी तिला सांगितलंय, हार आपण या गाडीलाही घालू. तिनं लिंबू आणायचं कबूल केलंय.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो, साडेसातला मल्हारपेठला उतरेन. गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून सांग, सकाळी गाडी काढू नका, दूध आणायलासुद्धा नाही. विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात आणि गरम इंजिन सगळं झाकतं. रात्रभर थंड असलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते, टायमिंग चेन खडखडते का, धूर निळा येतो का, हे सगळं पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत कळतं आणि दिवसातून एकदाच कळतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. थंडीतली पांढरी वाफ निघून जाते, तिला घाबरायचं नाही. तू माझ्या आधी पोचलीस तर इंजिनला हात लावून बघ. कोमट लागलं तर काही बोलू नकोस, चहा घे आणि मला स्टँडवर घ्यायला ये. आपण पुढच्या रविवारी परत जाऊ.

तुझा,
मामा