हिरवी वीज, काळं भंगार

रायगडच्या किनाऱ्यावर 'हरित' हा शब्द सध्या जमिनीच्या भावाने विकला जातो. अलिबागजवळ दुसरं घर विकणाऱ्याच्या जाहिरातीत चार नारळ, एक कंपोस्टचा खड्डा आणि 'पर्माकल्चर' हा शब्द असतो. ते हसून सोडून देता येतं. पण राज्य सरकारच्या गुंतवणूक करारांत 'हरित एकात्मिक डेटा सेंटर पार्क' असे शब्द येतात आणि पनवेल, उरण, पेणच्या गावांवर 'तिसऱ्या मुंबई'चा नकाशा पसरतो, तेव्हा हसून भागत नाही.

या हिरवेपणाचे दाखले सहसा दोन असतात. एक, वीज सौर किंवा पवन. दुसरा, पीयूई, म्हणजे इमारतीला लागणाऱ्या एकूण विजेला संगणकांनी वापरलेल्या विजेने भागून येणारा आकडा. तो जितका १ च्या जवळ, तितकी थंडाव्यावर कमी उधळपट्टी. आकडा उपयोगी आहे, पण त्या संगणकांचं वय काय, ते कधी भंगारात जाणार, ते नेमकं कोणतं काम करतात, यातलं तो काहीच सांगत नाही. एवढ्या माहितीवर कोणी कोणाच्या शेताला शाश्वत म्हटलं नसतं.

शाश्वततेच्या या कल्पनेचा वंश बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, म्हणून तिथे रेंगाळत नाही. जपानी शेतकरी फुकुओकांची न नांगरलेली शेती, १९७८ मध्ये टास्मानियात मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी मांडलेलं पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या चालीने टिकणारी शेती, होल्मग्रेनची २००२ मधली बारा तत्त्वं: आधी बघा मग हात लावा, लहान आणि संथ उपाय करा, कचरा उरू देऊ नका, कडेच्या जागांची किंमत ओळखा. त्यांच्या शेजारी अर्थतज्ज्ञ शूमाखर आणि विचारवंत इलिच, दोघांची गाजलेली पुस्तकं १९७३ ची. आणि या सर्वांच्या आधी आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा, ज्यांचं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' १९४५ चं. कुमारप्पांनी केलेला एक भेद मात्र इथे हाताशी ठेवू: साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था वेगळी आणि प्रवाहावर जगणारी वेगळी. कोळसा, तेल, खनिजं हा साठा. जंगल, पाऊस, ऊन हा प्रवाह.

ही विचारधारा संगणकापर्यंत पोचली ती २०२० च्या जूनमध्ये. फिनलंडचे प्रोग्रॅमर व्हिले-मटियास हेइक्किला यांनी 'पर्माकम्प्युटिंग' या नावाचा निबंध लिहिला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळलं होतं. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, विजेचे खांब कोसळले होते, मोबाइल मुके झाले होते. पुढच्याच महिन्यात पनवेलला योट्टा कंपनीचं ७,२०० रॅकचं डेटा सेंटर सुरू झालं, कधीही बंद न पडण्याच्या हमीसह. तीन घटनांचा आपसात संबंध नाही. पण महिना-दीड महिन्यात घडलेल्या या तिन्ही घटना शेजारी मांडल्या, की त्या निबंधाचं काय चुकीचं वाचन झालं ते कळतं.

बहुतेकांनी तो विजेचा निबंध म्हणून वाचला. संगणकाने कमी वीज खावी, ऊन असेल तेव्हा चालावं, ढग आले की थांबावं. बार्सिलोनाच्या 'लो-टेक मॅगझिन'ची सौर पॅनेलवर चालणारी वेबसाइट २०१८ पासून लोकांच्या डोळ्यांसमोर होतीच. त्यामुळे धडा ठरून गेला: पॅनेल लावा, हिरवे व्हा. उद्योगाला हा धडा फारच सोयीचा होता. तो शंभर मेगावॉटच्या इमारतीलाही लावता येतो.

हेइक्किलांचा भर मात्र वेगळ्या जागी आहे. चिप बनवायला प्रचंड ऊर्जा, अतिशुद्ध यंत्रसामग्री आणि विषारी रसायनं लागतात, म्हणून एकदा बनलेली चिप दुर्मीळ मसाल्यासारखी जपावी, असं ते म्हणतात. कुमारप्पांच्या भाषेत सांगायचं तर वीज प्रवाहातून आणता येते, चिप साठ्यातूनच येते. हरित डेटा सेंटर प्रवाहाचा हिशेब चकचकीत कागदावर छापतं आणि साठ्याचा हिशेब भंगारवाल्याच्या दारात ठेवतं. सर्व्हर साधारण पाच-सहा वर्षांत बदलले जातात. आपल्या खिशातल्या फोनचंही तेच: त्याच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा तो पहिल्यांदा चालू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या पुनर्प्रक्रियेची नोंद सापडते.

यातलं सगळंच काही मोडलेलं नसतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला. पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा कॅनालिस या संस्थेचा अंदाज होता. असं एखादं यंत्र सौर विजेवर चालत असतं तरी वाचलं नसतं, कारण ते किती जगणार हा निर्णय वापरणाऱ्याच्या हातात नव्हता.

दुसरं चुकीचं वाचन चाहत्यांनी केलं. त्यांना यात जुन्या यंत्रांचं स्मरणरंजन दिसलं: बोटीवर राहून लिहिलेले इवलेसे प्रोग्रॅम, जग कोसळल्यावर चालवायच्या प्रणाली. मला त्यांचं कौतुक आहे, पण प्रश्न यंत्राच्या वयाचा नाही. ते कोणाला उघडता येतं, समजतं, दुरुस्त करता येतं आणि पुढच्या पिढीकडे सोपवता येतं, याचा आहे. त्यासाठी फिनलंडला जायची गरज नाही.

अलिबागचंच उदाहरण घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली. नानाभॉय मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटली नाही. लोखंडाचा स्पर्श टाळून बांधलेल्या त्या वेधशाळेत आजही नोंदी होतात. कुलाब्याच्या मालिकेची सुरुवात १८४१ ची. सप्टेंबर १८५९ च्या महाभयंकर सौरवादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी नोंदवून ठेवलेल्या आकड्यांवरून २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली गेली. त्या शोधात सहभागी असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे आणि भूचुंबकत्वाचं जागतिक डेटा सेंटर तीच चालवते. म्हणजे पनवेलला डेटा सेंटर आधीपासूनच आहे! त्याचा टिकाऊपणा पीयूईत मोजता येत नाही. जागा बदलताना दाखवलेला संयम, कोणालाही वाचता येईल असा आकडा आणि यंत्र ओळखणारी माणसं यांतून तो आला.

मग टिकवणं म्हणजे निव्वळ शिस्त का? अलिबाग-पेणचा खारेपाट याला पुरेसं उत्तर देतो. समुद्राला बांध घालून, उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं बसवून इथे भातशेती उभी राहिली. बांधाला खांड पडली की गाव 'जोळ' पद्धतीने एकत्र येऊन ती बुजवी. स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारी खारभूमी यंत्रणेकडे गेली, दुरुस्ती अंदाजपत्रकात आणि निविदेत शिरली. खांड मात्र भरतीला पडते, ती आर्थिक वर्ष बघत नाही. खारं पाणी आत येऊन राहिलं, खारफुटी उगवली की ती तोडायला बंदी, म्हणजे शेत कायमचं गेलं.

इथे 'गावाला सगळं कळत होतं' असा सूर लावायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण याच भागातल्या चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. जमीन पिकवणाऱ्यांच्या घामावर खोताचा हक्क होता. नारायण नागू पाटलांनी लढा उभारला, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. दुरुस्तीचे कष्ट आपले आणि हक्क दुसऱ्याचा, याला शाश्वतता म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. उलट हक्क कागदावर आणि दुरुस्ती दूरच्या कार्यालयात, हेही टिकत नाही. बांध असो वा संगणक, तो राखणाऱ्या हातांकडे ज्ञान आणि अधिकार दोन्ही असावे लागतात.

रुग्णालयं आणि बँका अखंड चालाव्यात, हे मान्यच आहे. त्यासाठी पनवेलसारख्या इमारती लागतील. पण निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनकराला त्या इमारतीच्या अखंडतेचा उपयोग शून्य झाला असता, कारण तुटलं होतं ते कडेला, गावातल्या टॉवरपाशी. मजबुती मध्यभागी साठवायची आणि कड उघडी ठेवायची, ही रचना पर्माकल्चरच्या नेमकी उलटी आहे, भले तिच्या छपरावर कितीही पॅनेलं असोत.

म्हणून 'हरित' शिक्का मागणाऱ्या प्रत्येक कराराला काही साधे प्रश्न विचारावेत. यंत्रं किती वर्षं वापरण्याचं बंधन आहे? निवृत्त सर्व्हर स्थानिक दुरुस्ती करणाऱ्यांना आणि आयटीआयच्या मुलांना उघडायला मिळणार का? थंडाव्याचं पाणी कुठून येणार? आणि सरकार ज्या सेवा यावर चालवील, त्या जुन्या फोनवर आणि तुटक नेटवर्कवर चालतील का? हे प्रश्न गावांना विचारू द्यावेत. पेण तालुक्यातल्या २२ गावांना २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझसाठी जमीन द्यायची का, हे मतदानाने विचारलं गेलं होतं. जमिनीबाबत जे शक्य झालं ते वीज, पाणी आणि यंत्रांबाबत अशक्य नाही. उत्तरं नसतील तर डेटा सेंटर खुशाल बांधावं, पण त्याला कारखाना म्हणावं आणि कारखान्याचेच कर व नियम लावावेत.