ठरलेल्या वेळेची प्रार्थना

परदेशात येताना आपण प्रत्येकाने बरोबर काय काय आणले, याची यादी केली तर ती बरीच लांब होईल. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे, गोडा मसाला, मेतकूट, गाण्यांच्या कॅसेट्स, आणि बॅगेच्या तळाशी आईने न विचारता ठेवलेला देवाचा फोटो किंवा, आमच्यासारख्यांच्या घरी, मराठी बायबल. वस्तू आल्या. दिवेलागणीची वेळ मात्र बॅगेत मावली नाही. ती तिकडेच राहिली.

आपल्या मंडळात आम्ही ख्रिस्ती कुटुंबे अगदी मोजकी, म्हणून थोडी ओळख करून देतो. आमचे घर मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघू लागले. तेव्हा अमेरिकेचा आणि आमच्या गावाचा संबंध माझ्या एमएसच्या अ‍ॅडमिशनपेक्षा बराच जुना आहे! तुमच्या घरी ज्या सुमाराला देवापुढे दिवा लागे आणि मुले ‘शुभंकरोती’ म्हणायला बसत, त्याच सुमाराला आमच्याकडे ‘कुटुंबोपासना’ होई. आजोबा शास्त्रातला एक उतारा वाचत. मग ‘उपासना संगीत’मधले एखादे गीत, बहुतेक वेळा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, आणि शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. वसईच्या कॅथलिक घरांतून त्याच वेळी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालू असे. शब्द निराळे, घड्याळ एकच.

इथे वाढलेल्या मुलांना हे घड्याळ वारशाने मिळालेले नाही. त्यामुळे आपल्याला जे विचारावेसे कधी वाटले नाही, ते ती सरळ विचारतात. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा विचारले, “बाबा, मनात काहीच वाटत नसताना रोज तेच शब्द म्हणायचे, हे खोटं नाही का?” प्रश्न फक्त ख्रिस्ती घरापुरता नाही, हे उघड आहे. पण मला जे थोडेफार माहीत आहे ते माझ्या परंपरेतले, म्हणून उत्तरही तिथेच शोधतो.

पहिली गोष्ट म्हणजे मुलीचा प्रश्न उद्धट नाही. तो प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केलेला आहे. लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. पुष्कळ शब्द बोलले की देव ऐकतो, या समजुतीलाही त्याने नकार दिला. आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर, असे त्याने शिकवले. म्हणजे नियमितपणा हा आपोआप पवित्र होत नाही. पण गंमत पाहा, मत्तयाच्या शुभवर्तमानात हा इशारा संपतो न संपतो तोच येशू शिष्यांना ठरलेल्या शब्दांची एक प्रार्थना शिकवतो. तीच आपली प्रभूची प्रार्थना. ती दिवसातून तीन वेळा म्हणावी, अशी सूचना ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे. पोकळ बडबडीवर टीका ज्याने केली, त्यानेच पाठ करण्याजोगे शब्द दिले. त्याचा आक्षेप पुन्हा पुन्हा म्हणण्यावर नव्हता, दुसऱ्याला दाखवण्यासाठी म्हणण्यावर होता.

इथे ‘खोटे’ या शब्दाचा थोडा विचार करायला हवा. ढोंगाला प्रेक्षक लागतो. आपल्याजवळ नाही ते आहे असे कुणाला तरी भासवणे, याला ढोंग म्हणतात. दार लावून, एकट्याने, कंटाळलेल्या मनाने जो प्रार्थनेला बसला आहे तो कुणाला फसवतो? देवाला तर फसवता येत नाही. “आज मन लागत नाही” एवढेच त्याच्याजवळ खरे असेल तर तेच त्याने सांगावे. बायबलमधली कितीतरी स्तोत्रे अशीच आहेत. त्यांत तक्रार आहे, राग आहे, थकवा आहे. ती गोड वाटण्याच्या क्षणांपुरती लिहिलेली नाहीत. प्रामाणिकपणा म्हणजे भावनांचा उमाळा, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. मला वाटते, प्रामाणिकपणा म्हणजे आहे तसे समोर येऊन बसणे.

आपल्या सगळ्यांच्या अनुभवातले एक उदाहरण घेऊ. दर रविवारी भारतात आई-वडिलांना करायचा फोन! पूर्वी कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर फिरवून, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. या फोनवर आपण काय बोलतो? जेवलास का, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, मुले काय करतात. शंभरातले नव्वद फोन लिहून काढले तर त्यांत वाचण्यासारखे काही सापडणार नाही. कित्येक रविवारी आपण थकलेले असतो, मनातून फार काही उचंबळून येत नसते. म्हणून तो फोन खोटा ठरतो का? आमच्या आयटीच्या क्षेत्रात दोन सर्व्हर एकमेकांना ठरावीक अंतराने एक छोटासा संदेश पाठवत असतात. त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. त्यात माहिती जवळजवळ काही नसते. “मी आहे” एवढाच त्याचा अर्थ. पण तो यायचा थांबला की पलीकडच्याला कळते, काहीतरी बिघडले आहे. रोजची प्रार्थना बहुतेक दिवशी एवढीच असते, आणि तेवढी पुरेशी असते.

मग एखादा विचारील, की ठरलेली वेळ कशाला? काम हीच पूजा! या मुद्द्यात तथ्य आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. भांडीकुंडी सांभाळताना आपण देवाच्या जितके जवळ असतो, तितकेच प्रार्थनेच्या वेळीही असतो, असा त्याचा अनुभव होता. पण हा अनुभव सांगणारा माणूस अशा मठात राहत होता, जिथे दिवसाचे तास घंटेवर चालत आणि तीही प्रार्थना तो चुकवत नसे. पाया तिथे होता, म्हणून स्वयंपाकघरही देऊळ झाले. आपल्यासारखा माणूस “मी दिवसभर मनातल्या मनात प्रार्थना करतो” असे म्हणतो, तेव्हा कॉन्फरन्स कॉल्सच्या गर्दीत ती नेमकी केव्हा होते हे त्याने एकदा तपासून पाहावे.

येशूची स्वतःची रीतही पाहण्यासारखी आहे. लूक सांगतो की शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता. अटकेच्या रात्री तो जैतुनांच्या डोंगरावर गेला, तेही नेहमीच्या रिवाजाप्रमाणे. योहान आणखी एक तपशील देतो. यहूदाला ती जागा माहीत होती, कारण येशू शिष्यांसह तिथे वरचेवर जात असे. धरून देणाऱ्याला त्याचा शोध घ्यावा लागला नाही. त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने जी प्रार्थना केली तीत भीती होती, घाम होता, हा प्याला टळावा अशी विनवणी होती. पण त्या प्रार्थनेची जागा नवी नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, देवाने आपल्याला का सोडले असा जो आक्रोश त्याने केला, ते शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत. अतीव वेदनेत स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा लहानपणापासून म्हटलेले शब्द कामी येतात.

आपण परदेशस्थ मंडळी दानीएलाला तर जवळचाच मानू! तो बाबेलमध्ये निर्वासित म्हणून आलेला, परक्या राजाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर चढलेला. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचे नाही, असा हुकूम निघाला. दानीएल घरी गेला, यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी होती, आणि त्याने दिवसातून तीन वेळा प्रार्थना केली. ग्रंथकार आवर्जून सांगतो की तो पूर्वीपासून करत असे तसेच. सिंहांच्या गुहेसमोर त्याने काही नवे धाडस केले नाही. रोजचे होते तेच चालू ठेवले. धैर्य पुष्कळदा असेच असते.

याचा पडताळा मला घरातच मिळाला. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षात स्मृतिभ्रंश झाला होता. आधी नातवंडांची नावे गेली, मग माझे. आई संध्याकाळी मोबाईल त्यांच्यासमोर धरी. इथे तेव्हा सकाळ, माझी ऑफिसला निघण्याची वेळ. बोलण्यासारखे आमच्यात काही उरले नव्हते. मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो की दुसऱ्या ओळीपासून त्यांचे ओठ हलू लागत आणि ‘आमेन’पर्यंत शब्द चुकत नसे. ते शाळामास्तर होते. सत्तर वर्षे रोज संध्याकाळी ती प्रार्थना म्हणताना त्यांच्या मनात काय असे? कधी भक्ती, कधी झोप, कधी तपासायच्या राहिलेल्या वह्या. पण सगळे काही गेल्यावर ती राहिली होती, आणि तिच्या आधाराने बाप-लेकाला रोज दोन मिनिटे भेटता आले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रार्थना अंगवळणी पडली म्हणून पलीकडे कुणीतरी ऐकते, हे सिद्ध होत नाही. मदर तेरेसा १९९७ साली गेल्या. त्यांची खाजगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. अनेक दशके त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, फक्त कोरडेपणा आणि अंधार. काहींनी म्हटले, पाहा, हे सगळे पोकळच होते. मला त्या पत्रांतून वेगळेच दिसते. त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि मरणोन्मुख माणसांची सेवाही सोडली नाही. भावनेवर अवलंबून राहिल्या असत्या तर दोन्ही केव्हाच सुटले असते.

सवय मात्र बिघडूही शकते. लूकमधल्या दाखल्यात एक परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, आणि प्रार्थनेत आपल्या नियमितपणाचा हिशेब देवालाच ऐकवतो. शेजारी उभा असलेला जकातदार फक्त दया मागतो आणि तोच न्यायी ठरून घरी जातो. मग आपली सवय कोणत्या जातीची, हे ओळखायचे कसे? डोंगरावरच्या प्रवचनातच एक कसोटी आहे. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तिथे आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे खरी प्रार्थना माणसाला मधूनच उठवते! वाटणीवरून बोलणे बंद झालेल्या भावाला फोन करायला लावते. रोजच्या प्रार्थनेने असे वर्षातून एकदाही घडत नसेल, तर नियम पाळला जातोय एवढेच म्हणावे.

शेवटी थोडे व्यवहाराचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ साली ९६ जणांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगी बाणायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ लागले तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट प्रार्थना करू नये. ते व्याज भरण्यासारखे होते. वेळ लहान ठेवावी, पाच मिनिटे, आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडावी. सकाळच्या चहाला, किंवा गाडी पार्क करून ऑफिसात शिरण्याआधीच्या क्षणांना. स्वतंत्र खोली नसली तरी चालते. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या आई सुझाना भरल्या घरात अ‍ॅप्रन डोक्यावरून ओढून प्रार्थना करीत आणि मुलांना कळे की आता आईला हाक मारायची नाही, असे सांगतात.

आणि मुलांना शब्द द्यावेत, शक्य तर मराठीत. त्यांना आज ते शब्द पटतील की नाही याची फार चिंता करू नये. प्रश्न विचारतील, विचारू द्यावेत. माझ्या मुलीला मी यातले बरेचसे सांगितले. ती अजून पूर्ण सहमत नाही. पण संध्याकाळी घरी असली तर येऊन बसते, आणि प्रभूची प्रार्थना तिला पाठ आहे.