गिधाड असावं

अंदर मावळात आकाशात काही मोठं फिरताना दिसलं की लोक मान वर न करताच 'घार' म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. टाकवे बुद्रुकवर घारी असतातच, सर्पगरुड शीळ घालत फिरतो, आणि एखादा काळा गरुडही झाडांच्या शेंड्यांना लागून जातो. म्हणूनच दिवाळीनंतर, भातकापणीच्या दिवसांत, आंद्रा नदीपलीकडच्या डोंगरावर जे दिसलं त्याला नाव देताना मी अजून अडखळतो.

ऊन चढून खडक तापले होते आणि त्या गरम हवेवर तो पक्षी गोल गोल वर जात होता. शेजारी घार होती म्हणून आकाराचा अंदाज आला; त्याच्यापुढे ती पोर वाटत होती. पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसं सुटी, शेपूट आखूड, डोकं जेमतेम दिसणारं. अंग फिकट, पंखांच्या मागच्या कडा काळपट. सर्पगरुडाच्या पंखाखाली असतो तो पांढरा पट्टा नव्हता. एवढ्या वेळात पंख एकदाही हलले नाहीत. दुर्बीण घरातून आणेपर्यंत तो कुसूरच्या अंगाला निघून गेला.

बांधावर शेजारचे आबा होते. त्यांनीही पाहिलं होतं. म्हणाले, "घार न्हाय ती. घारीची शेपटी कातरल्यावानी असती. पण गिधाड एकलं कुठं असतंय? आमच्या टायमाला मेल्या बैलावर थवाच्या थवा उतरायचा."

आबांनी गिधाड पाहिलं ते जमिनीवर: भांडणारं, उड्या मारत पळणारं, खाऊन जड झाल्यामुळे उडता न येणारं. मी ओळखतो ते पुस्तकातल्या चित्रातलं, खालून दिसणारं. दोघांची ओळख अर्धी अर्धी, आणि दोन्ही जोडूनही खात्री होईना. गावातल्या तिशीच्या पोरांकडे तर यातलं काहीच नाही. त्यांचा काय दोष? त्यांना कळू लागेपर्यंत गिधाडं संपत आली होती.

संपली ती औषधानं. दुखण्यावर गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं, ते खाऊन गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे २००४ मध्ये दाखवलं. तोवर उशीर झाला होता: पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. लांब चोचीचीही फार मोठ्या प्रमाणात घटली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी हा तोटा भरून कसा काढणार? जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्यावर जनावरांपुरती बंदी यायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे बंदी येते तीही अशी, हप्त्याहप्त्यानं.

तरी अशक्य असं काही नाही. रायगडात म्हसळ्याच्या बाजूला पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून आहेत, आणि गिधाडाला घाट ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो! २०२४ मध्ये ताडोब्यात सोडलेल्या गिधाडांपैकी एक तर थेट तामिळनाडूत पोचलं. शिवाय लांब चोचीचं गिधाड घरटं करतं ते कड्यावर, आणि कड्यांची इथे वाण नाही. अडचण वेगळीच आहे. ते गिधाड असावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि अशी इच्छा असलेला साक्षीदार कुणी उभा करू नये. म्हणून वहीत 'असावं' एवढंच लिहिलं.

आबांचं मन मात्र दुसरीकडेच. "आलं तरी खाईल काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बैलाची जागा ट्रॅक्टरनं घेतली. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकत. आता जेसीबी बोलावून खड्ड्यात पुरतात. उघडं पडलंच तर कुत्री आधी पोचतात.

परवा त्यांची म्हैस लंगडत होती. डॉक्टरांनी सुई भरताना मी कुपीवरचं नाव वाचलं. मेलॉक्सिकॅम होतं, गिधाडाला न बाधणारं. आबा म्हणाले, "तुझ्या पाखराची सोय झाली म्हणायची. पण म्हस मरायची न्हाय एवढ्यात."