राजभाग आणि लिलावाचा खरीददार

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायात विश्वजित् यज्ञाची चर्चा चालली असता एक मार्मिक प्रश्न उपस्थित झाला आहे. या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल, तर त्याने समस्त पृथ्वीही ऋत्विजांच्या पदरात टाकावी काय? मीमांसकांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. भूमी सर्वांना समान आहे, आणि जे आपले नव्हे ते दान करता येत नाही. सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींनी याचा उलगडा करताना राजाचा अधिकार प्रजेच्या रक्षणाबद्दल मिळणाऱ्या पिकाच्या हिश्श्यापुरताच राखला. आणि पुढे सतराव्या शतकात, पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने आपल्या ‘व्यवहारमयूखा’त, ज्याला इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये प्रमाण मानीत, तोच धागा धरून असे प्रतिपादन केले की, राज्य जिंकणाऱ्यासही कर घेण्याचाच हक्क मिळतो, प्रजेच्या घराशेतांवरील स्वामित्व ज्याचे त्याच्याकडेच राहते.

हा वाद यज्ञमंडपातला म्हणून कोणी दप्तरात बांधून ठेवील, तर ते घाईचे होईल. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिअ‍ॅपोलिस शहरातील एका वृद्ध बाईच्या सदनिकेवर घरपट्टीची सुमारे 2,300 डॉलर बाकी होती. व्याज, दंड आणि खर्च यांनी ती फुगून 15,000 डॉलरांवर गेली. हेनेपिन काउंटीने घर जप्त करून 40,000 डॉलरांस विकले, आणि बाकी वजा जाता उरलेले 25,000 डॉलरही सरकारजमा केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ती बाई 94 वर्षांची होती. 25 मे 2023 रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, बाकीपुरते घेणे हा वसुलीचा हक्क, त्यापलीकडचे घेणे हे मोबदल्यावाचून केलेले हरण. निकालात 1215 सालच्या मॅग्ना कार्टापर्यंतचा इतिहास धुंडाळला आहे. जैमिनी तेथे असणे शक्य नव्हते, पण असता तर त्याला परके वाटले नसते.

तथापि ज्या ठिकाणी वाढावा सरकारच्या नव्हे, तर खाजगी गुंतवणूकदाराच्या पदरी पडतो, तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि माझे कुतूहल मुख्यतः तेथेच आहे. नेब्रास्कातील एका प्रकरणात घर सुमारे 60,000 डॉलरांचे होते आणि थकलेली रक्कम 5,000 डॉलरांहून थोडीच अधिक. थकीत कर भरून करवसुलीचे प्रमाणपत्र विकत घेतलेल्या खाजगी कंपनीने, मालकाने बाकी फेडण्याची मुदत टळताच, संपूर्ण घराचा दस्त आपल्या नावे करून घेतला. कंपनीच्या बाजूने लागलेला खालच्या न्यायालयाचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. खरीददार म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही, की मी चोरी केली नाही, कायद्याने जे विकावयास काढले ते घेतले. परंतु विकणाऱ्याजवळ जो हक्कच नव्हता तो विकत घेणाऱ्याजवळ कोठून आला? राजाला पृथ्वी दान करता येत नसेल, तर ती लिलावातही काढता येणार नाही. त्याच्याजवळ आहे तो भाग, आणि विकला जातो तोही भागच.

या दृष्टीने फ्लोरिडाची पद्धत मला तत्त्वतः अधिक शुद्ध वाटते. तेथे बोली घराची नसून व्याजाची लागते; ती 18 टक्क्यांपासून सुरू होऊन उतरत जाते, आणि जो सर्वांत कमी व्याजावर थकीत कर भरावयास तयार होतो त्याला प्रमाणपत्र मिळते. मालकाने रक्कम भरली की धारकाला मुद्दल आणि व्याज मिळते. न भरल्यास दोन वर्षांनी धारकाला घराच्या जाहीर लिलावासाठी अर्ज करता येतो. अशा धारकाने राजाचा भागच विकत घेतला आहे, आणि बाकीदार सावरला तर धारकाचा हिशेब सफळ होतो. मात्र याच बाजारात दुसराही एक मनुष्य वावरतो, ज्याची सारी आशा मालकाच्या विस्मरणावर, आजारपणावर किंवा वारसांच्या भांडणावर टेकलेली असते. दोघांचे कागद एकच, व्याज एकच, आणि तरीही अपरिग्रहाचा विचार करणाऱ्याला हे दोघे एका पंक्तीत बसविता येणार नाहीत. कायद्याला मन तपासता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे आणि आपले भाग्यही.

यावर कौटिल्याचा आक्षेप ऐकलाच पाहिजे. जो जमीन कसत नाही त्याच्याकडून ती काढून दुसऱ्यास द्यावी, असे तो सांगतो. आणि विक्रीच्या वेळी चढाओढीने किंमत वाढली, तर ती वाढ शुल्कासह कोशात जावी, असाही त्याचा नियम आहे. म्हणजे हेनेपिन काउंटीला आपल्याकडील एक समर्थ वकील मिळाला असता! शिवाय एकाने कर थकविला की त्याच्या वाट्याची शाळा आणि दिवाबत्ती शेजारी भरतो, हेही खरे. लिलावाची टांगती तलवार काढून घेतली तर नियमाने भरणाऱ्याचीच ती शिक्षा ठरेल.

आपल्याकडे सारा थकल्यामुळे सरकारकडे गेलेल्या आकारी पड जमिनींचा प्रश्न याच वादाचे एक घरगुती प्रकरण आहे. ठरलेल्या बारा वर्षांत बाकी न भरल्यामुळे ज्यांचे मूळ खातेदार, आणि कित्येकदा त्यांचे वारसही, दारात उभे राहू शकले नाहीत, अशा जमिनी बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम घेऊन परत करण्याचा निर्णय 2025 च्या आरंभी राज्य मंत्रिमंडळाने घेतला. निर्णय उदार आहे, यात शंका नाही. परंतु थकलेला सारा होता काही रुपयांचा, आणि पाच टक्के मोजावयाचे ते आजच्या भावाच्या. त्या दोन आकड्यांमधील अंतर राजभागात मोडते की नाही, हे शबरस्वामींना विचारावेसे वाटते.