राष्ट्राचा घटक : गाव की व्यक्ती?

राष्ट्र गावांचे बनते की माणसांचे, हा वाद संविधान सभेत उघडपणे झाला. मसुद्यात ग्रामपंचायतींना स्थान नाही, अशी तक्रार गांधीविचाराचे सदस्य करीत होते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी गावाला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले. व्यक्ती हाच घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. हे मत पुस्तकी नव्हते. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वतनाची राबणूक हे ज्याच्या वाट्याला आले, त्याला गावच्या एकोप्याचे गोडवे पटणे कठीणच. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 मध्ये आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तेव्हाही प्रश्न ओंजळभर पाण्याचाच होता.

गांधीजींना मात्र गाव ही स्वराज्याची पहिली शाळा वाटे. त्यांच्या कल्पनेतले गाव अस्पृश्यता टाकून दिलेले होते, ही बाब टीकाकार सहसा विसरतात. पण तसे गाव प्रत्यक्षात फारसे नव्हते, हे समर्थक विसरतात.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात पंचायतींविषयीची दुरुस्ती आंबेडकरांनी फारशी खळखळ न करता स्वीकारली. तेच आजचे कलम 40. पुढे 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांना राखीव जागा दिल्या.