ट्रॅक्टरचा खांदा

सोयाबीनची सोंगणी आटोपते, हडंब्यातून माल निघतो, हाती थोडा पैसा येतो, आणि वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या परिसरातल्या एखाद्या घरात जुना ट्रॅक्टर घ्यायची गोष्ट निघते. नवा परवडत नाही. नांगरटीला भाड्याचा मिळतो, पण ट्रॉली ओढायला घरचं काहीतरी हवं असतं. कुटार आणायचं, खत न्यायचं, पोती मालेगावच्या नाहीतर वाशिमच्या बाजार समितीत पोचवायची. मग कोणीतरी कळवतं, अमक्या गावात एक मॅसी निघाली आहे, तमक्याच्या गोठ्यापाशी जुना महिंद्रा उभा आहे. घरची माणसं मिस्तरीला सोबत घेऊन पाहायला जातात. विकणारा बॉनेटवर हात ठेवून उभा असतो. पहिला प्रश्न ठरलेला:

"भाऊ, ओढते किती?"

"पन्नास पोते टाका, काई होत नाई त्याले."

या प्रश्नात काही चूक नाही. तो अर्धा आहे, एवढंच. उरलेला अर्धा सहसा कोणी विचारत नाही, आणि त्याचं उत्तर पुढे एखाद्या नाल्याच्या उतारावर आपोआप मिळतं. हा जो आपल्या मागचं ओझं ओढणार आहे, तो ते ओझं थोपवू किती शकतो?

आधी ट्रॅक्टर म्हणजे काय ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये त्याची व्याख्या आहे: चालण्यासाठी लागणारी साधनं सोडली तर स्वतःवर कोणतंही ओझं वाहण्यासाठी जे बांधलेलं नाही, असं मोटार वाहन. म्हणजे ट्रकच्या अगदी उलटं. ट्रक ओझं पाठीवर घेतो. ट्रॅक्टरच्या पाठीवर काहीच नाही, त्याचं सगळं काम मागे, हुकाच्या पलीकडे. तिथे जे जोडतो त्याला कायद्याने ट्रेलर म्हटलं आहे, आपण ट्रॉली म्हणतो. दोन वाहनं, मधे एक पिन. यंत्र एकाकडे, वजन दुसऱ्याकडे. वजन आणि यंत्र असे वेगळे झाले, की त्या दोघांमधला व्यवहार त्या पिनेतूनच होणार.

आता ओढण्याचं पाहू. खरं सांगायचं तर ओढणं हे काम वाटतं तितकं अवघड नाही. आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक जुने ट्रॅक्टर ३५ ते ४५ एचपीचे. मारुतीच्या अल्टो ८०० या छोट्या गाडीचं इंजिनही ४७ एचपीच्या आसपासचं होतं. पण त्या गाडीला कोणी भरलेली ट्रॉली जोडत नाही. दोघांत फरक आहे तो गिअरचा, वजनाचा आणि चाकांचा. ट्रॅक्टर तीच ताकद हळू चालून वापरतो, आणि हळू चालणाऱ्याच्या चाकाला जोर जास्त येतो. मोठी मागची चाकं, त्यांवर बसलेलं वजन, खालचा गिअर, एवढं जमलं की थकलेलं इंजिनही धूर सोडत का होईना, ट्रॉली चढावर नेतं. चढावर फसला तर फार तर काय होईल? जागेवर थांबेल. चार माणसं येतील, थोडी पोती उतरवतील. ओढण्यातलं अपयश बहुधा उभं राहतं, आणि उभ्या राहिलेल्या गाडीला उपाय असतो.

थोपवण्यातलं अपयश उभं राहत नाही.

बैलगाडीच्या काळात हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. सपाटीवर आणि चढावर बैलाचं वशिंड जुवाला रेटा देतं. उतार लागला की सगळं उलटतं. गाडी पुढे यायला बघते, जू शिंगांकडे सरकतं, गळ्यातलं जोतं ताणतं, आणि बैल मागचे पाय रोवून गाडी अंगावर धरतो. ज्या मानेने ओढलं तीच मान आता थोपवते. म्हणून जोडी विकत घेताना दात मोजले जात, वशिंड चाचपलं जात, खूर पाहिले जात, आणि जाणता माणूस बैल उतारावर कसा चालतो हेही नजरेत ठेवी. नुसता जोराचा, पण उतारावर बावरणारा बैल गाडीला कामाचा नाही.

ओझं कुठे आणि कसं बसलं आहे यासाठी मराठीत जुना शब्द आहे, उलाळ. गाडीत मागे जास्त भरलं की धुरा वर उचलतो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती गाडी उलाळ झाली. पुढे जास्त भरलं तर सगळा भार मानेवर बसतो. दोन चाकांच्या ट्रॉलीलाही हेच लागू आहे. मागे जास्त भरलं तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि चाकं घसरू लागतात. ट्रॉली आखापेक्षा उंच जागी जोडली आणि चढावर जोर लावला, तर पुढची चाकं हवेत जातात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडू शकतो. म्हणून ओढायचं ते खालच्या हुकानेच. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने १९२० च्या दशकात ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी अवजार जोडायची रीत बसवली, त्यामागे इतर कारणांबरोबर हे मागे उलटणंही होतं. लाल मॅसी फर्ग्युसनच्या नावात जो फर्ग्युसन आहे, तो हाच.

आता हिशेब करू. समजा ट्रॅक्टर २ टनांचा आहे, रिकामी ट्रॉली दीड टनाची, आणि तिच्यात ४० क्विंटल सोयाबीन. सगळं मिळून ७५ क्विंटल. ब्रेक कुठे आहेत? साध्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला फक्त मागच्या दोन चाकांना. गावोगावच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे २० क्विंटलच्या गड्याने आपलं आणि मागच्या ५५ क्विंटलचं, दोन्ही थोपवायचं. त्याच ब्रेकने ओझं पावणेचारपट झालं, तर थांबायला लागणारं अंतरही साधारण पावणेचारपट होतं. वेगाचा हिशेब याहून कडक. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट. म्हणजे रिकाम्या ट्रॅक्टरवर ताशी १५ किलोमीटरने जाताना ब्रेक दाबल्यावर जिथे ४ मीटरांत थांबायचं, तिथे भरलेली ट्रॉली लावून ताशी ३० ने जाताना ६० मीटर लागतील. हे कोरड्या सपाटीवर. वीस फुटांत एक फूट एवढाच उतार असेल, तरी ७५ क्विंटलचा हा गाडा पावणेचार क्विंटलच्या जोराने सतत पुढे ढकलत राहतो. वर पहिल्या पावसाने काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला असेल, तर ब्रेक लागूनही चाक घसरतं. मग मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला बाजूला ढकलते आणि दोघे मधोमध मोडतात.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गिअर काढला की इंजिनचा आवर गेला आणि सगळा भार त्या दोन चाकांच्या लायनरवर आला. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. बैलाने पाय रोवणं आणि इंजिनने गाडी धरणं, काम एकच.

इथे जऊळक्याचंच एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गावाच्या नावाला रेल्वे चिकटलेली आहे. अकोला–पूर्णा मार्गावरचं हे स्टेशन. २००८ च्या सुमारास हा मार्ग ब्रॉडगेज झाला, त्याआधी मीटरगेजच्या गाड्या धावत. रूळ कोणतेही असोत, स्टेशनात येणारी गाडी म्हणजे एक ओढणारा आणि मागे पुष्कळ ओढले जाणारे. फरक असा, की तिथे प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक आहे. इंजिन एकटं सगळ्यांना थोपवत नाही. डबे तुटून वेगळे झाले, तर मधला पाइप सुटतो, हवेचा दाब जातो आणि दोन्ही तुकडे आपोआप ब्रेक लावून उभे राहतात. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या ब्रेकचं पेटंट १८६९ मध्ये घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याला हे आपोआप लागण्याचं वळण दिलं.

तरीही जगाला ते लगेच पटलं नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये अर्माघजवळ सहलीला निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडली. इंजिनला ओझं झेपेना. चालवणाऱ्यांनी सरळ विचार केला: गाडीचे दोन भाग करू, पुढचे डबे वर नेऊन ठेवू, मग उरलेले नेऊ. पण त्या गाडीचा ब्रेक असा होता, की डबे सोडले की मागच्या डब्यांचा ब्रेकही सुटे. मागचा भाग गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांमागे लावलेल्या दगडांवर उभा राहिला. पुढचा भाग निघताना जरासा मागे आला, धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीकडे धावत सुटले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. बैल गेला अन् झोपा केला. सुरुवात मात्र साध्या गोष्टीपासून झाली होती: इंजिन ओढायला कमी पडलं. आणि जीव गेले ते थोपवायला कोणी नव्हतं म्हणून.

स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरून जाणारी आपली ट्रॉली अजून त्या कायद्याआधीच्या काळातच आहे. तिच्याही चाकामागे दगडच लावतात. तेव्हा ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसेपर्यंत आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात: ट्रॅक्टरचा ब्रेक आणि आपला वेग.

हे मनाशी धरलं, की जुना ट्रॅक्टर पाहण्याचा क्रमच बदलतो. मिस्तरी सवयीने आधी इंजिन सुरू करतो, धुराचा रंग पाहतो, ऑइलची कांडी काढतो. ते करावंच, पण नंतर. आधी खाली वाकून ब्रेकची दोन पेडलं पाहावीत. शेतात वळताना एका बाजूचंच चाक धरता यावं म्हणून ती वेगळी असतात, आणि रस्त्यावर येताना एका पट्टीने जोडायची असतात. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर ही पट्टी गंजून पडलेली नाहीतर कधीच हरवलेली असते. तशा ट्रॅक्टरवर घाईत पाय एकाच पेडलावर पडला, तर एकच चाक धरतं आणि पुढचं सांगायला नको. पट्टी लावून मोकळ्या जागेत ब्रेक मारून पाहावा. एका बाजूला ओढला, तर एका बाजूचे लायनर गेलेले आहेत. ब्रेक तेलातले की कोरडे, तेही विचारावं. मग हूक: भोक लांबट झालं आहे का, पिन ढिली वाजते का, सोबत साखळी आहे का. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं, मागच्या टायरचे गट्टे किती उरलेत. शेवटी मालकाला सांगावं, आता तुमचीच भरलेली ट्रॉली लावा आणि नाल्याकडे चला. चढावर इंजिनचा आवाज ऐकावा, आणि उतारावर गिअर न काढता नुसतं बसून पाहावं, हा गाडी धरतो का.

थोपवायचं आणखी एक ओझं असतं, ते कागदांचं. तेही हुकाच्या मागेच येतं. पाटीवर एमएच ३७ असेल तर वाशिमची नोंदणी. फार जुन्या ट्रॅक्टरवर एमएच ३० दिसेल, कारण १ जुलै १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यातच होता. नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, ते पाहावं. ट्रॉलीचे कागद वेगळे मागावेत, कारण कायद्यात ती वेगळं वाहन आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. पण हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर सह्या करून फॉर्म कपाटात ठेवून देण्याची आपल्याकडे रीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे पैसे मोजून हात झटकलेल्या माणसाच्या मागेही ती ट्रॉली अजून जोडलेलीच आहे. नाव बदलेपर्यंत पिन निघत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. वर्षभर जू वाहून जी जागा घट्टे पडून कडक झाली, तिला त्या दिवशी ऊब मिळते. शिंगांना, पाठीला, सगळ्या अंगाला सजावट दुसऱ्या दिवशी. पहिला मान खांद्याचा, कारण वर्षभराची चढण आणि उतरण दोन्ही त्यानेच सोसलेली असतात. आता कितीतरी घरांत पोळ्याला ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, बॉनेटला कुंकू लावतात. त्याचा खांदा मात्र बॉनेटवर नाही. तो खाली आहे, दोन पेडलांच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, जिथे लायनर झिजतात. आदल्या संध्याकाळी मिस्तरीला बोलावून ते एकदा उघडून पाहावेत, ब्रेक सारखे करून घ्यावेत, जोडपट्टी घासून तिला ग्रीस लावावं. हळद-तूप नसलं तरी चालेल.