हुकूम माझा, हात त्याचा

पोलिसांत २२ वर्षं झाली. आता फौजदारपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसतोय. रात्रपाळीला, वायरलेसची खरखर चालू असताना, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ वाचतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४१ च्या जागी ते आलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का केली, नसेल केली तर का नाही, याची कारणं लिहून ठेवायची.

ते पाठ होतं. मी अडतो दुसरीकडेच.

गेल्या विसर्जनाला गर्दी रेटत आली, तेव्हा शेजारच्या नव्या पोरानं लाठी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याची बोटं आवळून पांढरी पडली होती. मी मान डोलावली असती तर मार त्याच्या हातचा, कर्म कुणाचं? माझी आजी वारकरी. केलेलं फेडावं लागतं, म्हणायची. मला वाटतं, करवलेलंही फेडावं लागतं, आणि तेवढ्यानं करणाऱ्याचं काही कमी होत नाही. म्हणून अटकेची ती कारणं लिहिणं मला नुसतं कागदी काम वाटत नाही.

त्या रात्री मी मान डोलावली नाही. पोरानं लाठी बगलेत मारली आणि दोरखंड धरला.